जुना कंप्रेसर : ठेवावा की मोडीत काढावा?

अंबड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतील विज्ञानशिक्षकांचे आम्हांला पत्र आले. त्यांची शाळा धुळे–सोलापूर महामार्गाच्या कडेला आहे. शाळेच्या फाटकाला लागूनच गावातला एक तरुण पंक्चर काढण्याचे दुकान सुरू करीत होता. जालन्यात त्याच्या मामांचे गॅरेज होते. वय झाल्याने मामांनी ते बंद केले आणि तेथला जुना, दोनशे लिटर टाकीचा हवेचा कंप्रेसर भाच्याला देऊ केला. पत्रात पुढे लिहिले होते : “भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे. मिस्त्री म्हणतात, रिंगा आणि पट्टा बदला, अजून वीस वर्षे पळेल. आमची मुले रोज त्याच्यापासून दहा पावलांवरून ये-जा करणार. ठेवावा की मोडीत काढावा, हे विज्ञानाच्या आधारे सांगता येईल का?”

प्रश्न आम्हांला मोलाचा वाटला. आठवीच्या पुस्तकातला ‘दाब’ येथे शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. आम्ही जालन्याला गेलो. मिस्त्रींनी बटण दाबले, पट्टा फिरला, यंत्र धडधडू लागले. “बघा सर, पहिल्याच दमात चालू. इतकी वर्षं झाली, एकदा पण दगा दिला नाही,” असे ते अभिमानाने म्हणाले. आम्ही त्यांना यंत्र लगेच बंद करायला आणि टाकीतली हवा पूर्ण सोडून द्यायला सांगितले. जुना कंप्रेसर चालतो की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो पहिला नाही. पहिला कोणता, ते आता पाहू.

एक यंत्र, तीन भाग

गॅरेजमधल्या कंप्रेसरचे तीन भाग असतात. पहिला, विजेची मोटर. दुसरा, हवा दाबणारा पंप. गॅरेजमध्ये त्याला ‘हेड’ म्हणतात. त्यात पिस्टन, रिंगा आणि हवेला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात. तिसरा भाग म्हणजे ज्यावर हे सारे बसवलेले असते ती आडवी टाकी.

मोटर जळली तर पुन्हा गुंडाळून मिळते. हेडच्या रिंगा झिजल्या तर नव्या बसवता येतात. हे भाग बिघडले की यंत्र आवाज करते, तापते किंवा हवा कमी देते. म्हणजे बिघाड आपण होऊन कळतो. टाकीचे तसे नाही. ती हलत नाही, आवाज करीत नाही, बाहेरून रंग दिला की नवी दिसते. ती आतून किती झिजली हे कोणाला दिसत नाही. आणि ती निकामी होते तेव्हा दुरुस्तीची संधी उरेलच असे नाही. म्हणून जुन्या कंप्रेसरचा निर्णय टाकीपासून सुरू करायचा. टाकी चांगली असेल तरच बाकीच्या भागांवर पैसा खर्च करण्यात अर्थ आहे.

टाकीत किती बळ साठते?

टायरच्या हवेचा हिशोब आपल्याकडे पाउंडात होतो आणि टाकीचा किलोत. ‘दहा किलो हवा’ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो वजनाइतका जोर. एक किलो म्हणजे सुमारे 14.2 पाउंड, तेव्हा दहा किलो म्हणजे 142 पाउंड. मोटारीच्या टायरला तीस-पस्तीस पाउंड लागतात, पण ट्रकच्या टायरला शंभराच्या पुढे. म्हणून टाकीत इतका दाब ठेवावा लागतो.

मिस्त्रींच्या टाकीचा व्यास 45 सेंटिमीटर आणि लांबी सुमारे सव्वा मीटर होती. तिच्या टोकाच्या गोल झाकणाचे क्षेत्रफळ वर्गात काढून पाहा. ते सुमारे 1,590 चौरस सेंटिमीटर येते. दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो, म्हणजे एका झाकणावर सुमारे सोळा टनांचा जोर! टपरीच्या कोपऱ्यात गप्प बसलेली टाकी, भरलेल्या ट्रकच्या वजनाइतका रेटा दोन्ही टोकांना सतत सोसत असते.

पण धोका केवळ जोराचा नसतो, तो साठलेल्या ऊर्जेचा असतो. दोनशे लिटर हवा दहा किलो दाबावरून एकदम मोकळी झाली, तर सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. एक टन वजनाची मोटार पंचवीस मीटर, म्हणजे सात-आठ मजल्यांइतकी वर उचलायला एवढीच ऊर्जा लागेल. टाकी फाटली तर ही सगळी ऊर्जा क्षणार्धात पत्र्याच्या तुकड्यांत आणि हवेच्या धक्क्यात उतरते. शाळेच्या फाटकापासून दहा पावलांवर याचा अर्थ काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

लोखंड आतून का गंजते?

टाकी पावसात नव्हती, छपराखाली होती; मग गंजेल कशी? मिस्त्रींची ही शंका अगदी रास्त होती. उत्तर हवेतच आहे.

पावसाळ्यात तापमान 27 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे 20 ग्रॅम पाण्याची वाफ असते. दोनशे लिटरची टाकी दहा किलोपर्यंत भरली की तिच्यात बाहेरची सुमारे 2.2 घनमीटर हवा मावलेली असते. तिच्याबरोबर सुमारे 45 ग्रॅम पाणी आत येते. हवा दाबताना तापते, पण टाकीत ती पुन्हा बाहेरच्या तापमानाला येते. 27 अंशांना दोनशे लिटर जागेत फक्त पाच ग्रॅम वाफ राहू शकते, मग दाब कितीही असो. उरलेले चाळीस ग्रॅम पाणी होऊन तळाशी बसते. दिवसात पाच वेळा टाकी भरली तर एक पेलाभर पाणी झाले! मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते कमी जमते, पण पूर्ण थांबत नाही.

लोखंड, पाणी आणि दाबलेल्या हवेतला भरपूर ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढणारच. तो सगळीकडे सारखा चढत नाही. वरचा भाग जवळजवळ कोरा राहतो आणि तळाशी, जेथे पाणी साचते तेथे, खड्डे पडत जातात.

म्हणूनच प्रत्येक टाकीच्या तळाला पाणी काढण्याचा कॉक असतो. मिस्त्रींच्या टाकीचा कॉक गंजून घट्ट बसला होता. पाना लावून तो सोडवला तेव्हा चहाच्या रंगाचे तेलकट पाणी बादलीभर निघाले. “पाणी काढायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही,” मिस्त्री म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांना हे काम शिकवणाऱ्या उस्तादालाही ते कोणी सांगितले नसावे.

पत्रा किती उरला?

आता मुख्य प्रश्न. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत तपासणीचे काम करणाऱ्या एका परिचितांनी जाडी मोजण्याचे उपकरण आणले. त्याचे तत्त्व प्रतिध्वनीचे आहे. पत्र्यावर थोडे ग्रीस लावून त्यावर उपकरणाची घुंडी टेकवतात. घुंडी आणि पत्रा यांच्यामध्ये हवा राहिली तर ध्वनी आत शिरत नाही, म्हणून ग्रीस. मग श्राव्यातीत ध्वनीचा एक स्पंद पत्र्यात जातो, आतल्या पृष्ठभागावरून परावर्तित होतो आणि परत येतो. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 5,900 मीटर असतो. पाच मिलिमीटर जाडीचा पत्रा असेल, तर जाऊन येण्यास सेकंदाचा दहा लाखांश भाग गुणिले 1.7 इतका वेळ लागतो. तेवढा वेळ मोजून उपकरण थेट जाडी दाखवते.

टाकीच्या माथ्यावर आकडा आला 4.8 मिलिमीटर. बाजूंना 4.5. आणि तळाशी कोठे 2.3, कोठे 2.0, एका ठिकाणी 1.9.

याचा अर्थ लावण्यासाठी एक सोपे गणित करू. टाकीची एक सेंटिमीटर रुंदीची बांगडी कापून घेतली अशी कल्पना करा. आतली हवा या बांगडीच्या दोन अर्ध्या भागांना एकमेकांपासून दूर ढकलते. व्यास 45, रुंदी 1 आणि दाब 10, म्हणून जोर 450 किलो. हा जोर पेलायला दोन कडांचा पत्रा आहे. पत्रा 5 मिलिमीटरचा असताना दोन्ही कडांचे मिळून क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे पत्र्यावरचा ताण दर चौरस सेंटिमीटरला 450 किलो. पत्रा 2 मिलिमीटर उरला की क्षेत्रफळ 0.4 होते आणि ताण 1,125 किलोंवर जातो. साध्या पोलादाचा पत्रा 2,500 किलोंच्या आसपास कायमचा ताणला जाऊ लागतो.

येथे चुणचुणीत विद्यार्थी विचारील, “सर, 1,125 तर 2,500 च्या निम्म्याहूनही कमी आहे. मग भीती कसली?” प्रश्न चांगला आहे, त्याला तीन उत्तरे आहेत. एक, उपकरणाने आपण मोजक्या ठिकाणची जाडी पाहिली. त्यांच्या मधला सर्वांत खोल खड्डा निसटलेला असू शकतो. दोन, ताण सर्वत्र सारखा नसतो. खड्ड्याच्या तळाशी आणि वेल्डिंगच्या जोडाशी तो कितीतरी वाढतो. टाकी रोज अनेकदा भरते आणि उतरते. तार वारंवार वाकवली की तुटते, तशी अशा ठिकाणी बारीक भेग जन्म घेऊन हळूहळू वाढू शकते. तीन, गंज थांबलेला नाही. टाकी बनवणारा गरजेपेक्षा थोडा जाड पत्रा घेतो, तो गंजासाठी ठेवलेली शिल्लक म्हणून. तळाशी ही शिल्लक संपून मुद्दलालाच हात लागला होता.

याच गणितातून आणखी एक गोष्ट कळते. झाकणावरचे सोळा टन टाकीच्या संपूर्ण परिघावर वाटले जातात आणि तेथे ताण निम्माच, म्हणजे पाच मिलिमीटरला 225 किलो येतो. म्हणून अशी टाकी फाटली तर बहुधा लांबीच्या दिशेने फाटते. विद्यार्थ्यांकडून हा हिशोब जरूर करून घ्यावा.

पाण्याची परीक्षा आणि तिची मर्यादा

भाच्याने मध्येच सुचवले, “सर, पाण्याची टेस्ट करून बघू. पास झाली तर वापरू.” टाकी पूर्ण पाण्याने भरून, हातपंपाने दाब नेहमीच्या दीडपट, म्हणजे पंधरा किलोंपर्यंत नेऊन काही वेळ ठेवण्याची ही जुनी आणि चांगली रीत आहे. पण पाण्यानेच का? हवेने का नाही?

यासाठी वर्गात एक प्रयोग करा. सुई नसलेली दहा मिलिलिटरची सिरिंज घ्या. तिच्यात हवा भरून तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो बराच आत जातो आणि सोडला की उसळून मागे येतो. आता सिरिंज पाण्याने भरून, हवेचे बुडबुडे काढून तेच करा. दट्ट्या हलत नाही आणि उसळतही नाही. हवेत स्प्रिंगसारखी ऊर्जा साठते, पाण्यात जवळजवळ नाही. पंधरा किलो दाबाला दोनशे लिटर पाणी दीडशे मिलिलिटरही आक्रसत नाही. पत्र्याचा ताण धरूनही साठणारी ऊर्जा दोनशे ज्यूलांच्या आसपास राहते. कोठे अडीच लाख आणि कोठे दोनशे! पाण्याने तपासताना टाकी फाटलीच तर पाणी फुसकन बाहेर येते आणि दाब उतरतो. हवेने मात्र अशी परीक्षा कधीही घेऊ नये. दाबाखालच्या टाकीवर हातोडीने ठोकूनही पाहू नये.

तरीही भाच्याच्या सूचनेत एक चकवा होता. मघाचेच गणित पंधरा किलोंना करा. 2 मिलिमीटर पत्र्यावर ताण येतो सुमारे 1,690 किलो. म्हणजे अजूनही 2,500 च्या आत! ही झिजलेली टाकी पाण्याची परीक्षा बहुधा पास झाली असती. पाण्याची परीक्षा एवढेच सांगते, की टाकी आज टिकली. किती दिवस टिकेल, हे पत्र्याची उरलेली जाडी सांगते. परीक्षेच्या दिवशी पास झालेला विद्यार्थी वर्षभर अभ्यास करीलच असे नसते, हे शिक्षकांना काय सांगावे! म्हणून आधी जाडी, मग पाणी. दोन्हींत उतरली तरच टाकी ठेवायची.

‘वीस वर्षे काही झाले नाही’ हा पुरावाही असाच फसवा आहे. त्या वीस वर्षांनीच पत्रा तीन मिलिमीटर खाल्ला. गेलेले प्रत्येक वर्ष टाकीला अधिक भरवशाची करीत नव्हते, उलट तिचे आयुष्य कमी करीत होते.

तळाला ठिगळ मारावे, हा आणखी एक सल्ला आम्हांला मिळाला. गंजलेल्या पातळ पत्र्यावर वेल्डिंग केले की त्या उष्णतेने शेजारचा पत्रा आणखी दुबळा होतो. ठिगळ मजबूत आणि त्याची कड कच्ची, अशी अवस्था होते. टाकीत तेलाची वाफ असेल तर ठिणगीने वेगळाच अनर्थ. बारीक छिद्र पडून हवा सुसू लागली, तर ती टाकीने वेळेत दिलेली सूचना समजावी. ते छिद्र बुजवून टाकी पुन्हा भरू नये.

1948 च्या कारखाने कायद्यात दाबाखाली चालणाऱ्या यंत्रांच्या सुरक्षेसाठी कलम 31 खास घातलेले होते. पण एक-दोन माणसांचे गॅरेज म्हणजे कारखाना नव्हे. रस्त्याकडेच्या टाकीची काळजी शेवटी मालकाच्या जाणतेपणावरच राहते.

हेड आणि मोटर : घड्याळाची परीक्षा

टाकी मोडीत काढायची ठरली, म्हणून सगळेच भंगार ठरत नाही. हेड आणि मोटर तपासायला घड्याळ पुरते. टाकीची क्षमता लिटरमध्ये घ्या, वाढलेल्या दाबाने, म्हणजे किलोंच्या आकड्याने, गुणा आणि लागलेल्या मिनिटांनी भागा. दर मिनिटाला किती लिटर बाहेरची हवा भरली गेली, ते जवळजवळ कळते.

भाच्याने तेवढ्याच मापाची नवी टाकी घेतली. तिच्यावर जुने हेड चढवले तेव्हा शून्यापासून सात किलोंपर्यंत जायला अकरा मिनिटे लागली. 200 गुणिले 7 भागिले 11, म्हणजे मिनिटाला सुमारे 127 लिटर. हेडच्या पाटीवर 300 लिटर लिहिले होते. ते पिस्टनने व्यापलेले आकारमान असते. नव्या हेडकडूनही तेवढी हवा पूर्ण मिळत नाही, पण 127 फारच कमी. रिंगा आणि झडपा बदलल्यावर तेच काम सात मिनिटांत झाले, म्हणजे 200 लिटर. मोटर पूर्वी अकरा मिनिटे चालत होती तेथे आता सात मिनिटे चालते. विजेच्या बिलात हा फरक दर महिन्याला दिसेल. हेड ठेवण्याजोगे होते आणि मिस्त्रींचा ‘रिंगा बदला’ हा सल्ला तेवढ्यापुरता अचूक होता.

मोडीत काढतानाही शहाणपण हवे

उरली जुनी टाकी. जालन्यात जुन्या लोखंडाला वाटा आपोआप सापडते. येथल्या पोलाद कारखान्यांच्या विद्युत भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून त्याच्या लगडी करतात आणि त्यांपासून बांधकामाच्या सळया निघतात. काल हवा पेलणारा पत्रा उद्या एखाद्या शाळेच्या छताला आधार देईल. लोखंड वितळवल्याने ‘म्हातारे’ होत नाही, ही त्याची मोठी थोरवी.

पण टाकी तशीच बंद अवस्थेत भंगारात देणे हा गुन्हाच समजावा. भट्टीतला रस सुमारे 1,600 अंशांवर असतो. बंद टाकीत पेलाभर पाणी राहिले आणि ती त्या रसात पडली, तर पाण्याची वाफ होते. 100 अंशांनाच वाफेला पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा लागते. कोंडलेली वाफ टाकी फोडते आणि तापलेला रस भट्टीवरच्या कामगारांवर उडतो. बंद डबे आणि बाटले भट्टीत जाऊ नयेत म्हणून भंगार निवडून घ्यावे लागते, पण निवडणाऱ्याची नजर चुकू शकते.

म्हणून आम्ही मिस्त्रींना टाकीचे सगळे कॉक काढायला, आत पाणी घालून तेल धुऊन काढायला आणि मग वेल्डिंगची ज्योत न लावता करवतीने ती कापायला सांगितले. कापलेले दोन्ही अर्धे भाग आधी शाळेत आले. माथ्याचा गुळगुळीत पत्रा आणि तळाचे लालतांबडे खड्डे मुलांनी बोटांनी चाचपून पाहिले. एका मुलीने खड्ड्यात पेन्सिलीचे टोक घातले, ते बरेच आत गेले. दोन आठवड्यांनी टाकी भंगारवाल्याकडे गेली.

भाच्याचे दुकान आता सुरू आहे. कंप्रेसर फाटकापासून दूर, दुकानाच्या मागच्या विटांच्या भिंतीआड बसवला आहे. पट्ट्याला जाळी आहे आणि सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून पाहिली जाते. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना टाकीचा दाब उतरवून भाचा तळाचा कॉक उघडतो. शाळा सुटल्यावर घरी जाणारी काही मुले थांबून विचारतात, “दादा, आज किती पाणी निघालं?”

आपल्या गावातही असा एखादा कंप्रेसर असेल. विद्यार्थ्यांना घेऊन त्याच्या मालकाकडे जा आणि एकच प्रश्न विचारा : तळाचा कॉक शेवटचा कधी उघडला होता?